भाव चढला, तरी थोरला बुडाला!

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. दोन भाऊ आहेत. दोघांची शेतं शेजारी शेजारी, मध्ये फक्त एक बांध. दोघांनी एकाच आठवड्यात एकच बी पेरलं. पाऊस दोघांवरही सारखाच रुसला आणि पीक दोघांचंही सारखंच करपलं. सुगीला दोघांच्या घरात अगदी मोजून सारखा माल आला. बाजारात मात्र त्या मालाचा भाव कधी नव्हे इतका चढलेला! मग माल विकून झाल्यावर धाकट्याच्या हातात आले दोन लाख चाळीस हजार आणि थोरल्याच्या हातात फक्त एक लाख. हे कसं काय झालं?

वजनात फसवलं असेल? नाही. थोरल्याचा माल हलका होता? तेही नाही. थोरला उधळ्या, आळशी? छे! दोघांमध्ये जास्त सावध, चार गोष्टींचा विचार करणारा तोच. आणि गंमत अशी की तो बुडाला तो या सावधपणामुळेच.

हे भाऊ मी कल्पनेतले घेतले आहेत. पण २०२१ साली कॅनडात अशी वेळ आलेले खरेखुरे शेतकरी पुष्कळ होते. कोड्याचं उत्तर हवं असेल तर आधी त्यांच्या मुलखात जाऊन यायला हवं. चला तर.

कुत्रा पळाला तरी तीन दिवस दिसतो

भूगोलाच्या पुस्तकात गवताळ प्रदेशांचा धडा असतो बघा, त्यात ‘प्रेअरी’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. उत्तर अमेरिकेच्या मधोमध पसरलेलं हे मैदान अमेरिकेतून वर कॅनडात शिरतं आणि आल्बर्टा, सास्काचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांचा दक्षिणेकडचा भाग व्यापून टाकतं. सपाट म्हणजे किती सपाट? सास्काचेवानचे लोक स्वतःचीच थट्टा करत सांगतात, ‘आमच्याकडे कुत्रा घरातून पळाला, तर तीन दिवस पळताना दिसत राहतो!’

एके काळी इथे गवत होतं आणि त्यात चरणारे बायसनांचे अफाट कळप. आता जिकडे बघावं तिकडे गहू, बार्ली, वाटाणा, मसूर आणि जुलै महिन्यात हळदीनं माखल्यासारखा दिसणारा कॅनोला. कॅनोला हा आपल्या मोहरीचा जवळचा नातेवाईक. बाल्डर स्टेफन्सन आणि कीथ डाउनी या दोन कॅनेडियन शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात जुन्या रेपसीडमध्ये सुधारणा करून खायच्या तेलासाठी हे वाण तयार केलं. नावातला पहिला भाग चक्क ‘कॅनडा’वरून आला आहे. शेतंही कशी, तर हजार एकरांचा शेतकरी तिथे काही फार मोठा समजला जात नाही.

एवढी जमीन आहे, पण पाणी? तिथेच तर घोडं अडतं. प्रशांत महासागरावरून येणारे ओले वारे रॉकी पर्वताला धडकतात आणि बहुतेक पाऊस पलीकडेच टाकून मोकळे होतात. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण चिंब आणि अलीकडे माण-खटाव कोरडे, तसलाच हा पर्जन्यछायेचा प्रकार. सास्काचेवानची राजधानी रजायना इथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून ४०० मिलिमीटरच्याही आत पाणी पडतं. आपल्या सोलापूरलाही याहून जास्त पडतं!

मग पिकतं कसं? एक तर उन्हाळ्यात तिथला दिवस खूप लांब असतो. आणि दुसरं म्हणजे बर्फ. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंशांपर्यंत उतरतो, शेतं बर्फाखाली झोपतात. वसंतात ते बर्फ वितळून जमिनीत मुरतं आणि त्या ओलीवर मे महिन्यात पेरणी होते. म्हणून तिथले पुष्कळ शेतकरी पीक कापल्यावर धसकटं उपटत नाहीत की नांगरत नाहीत. उभी धसकटं वाऱ्यानं उडणारं बर्फ धरून ठेवतात. जेवढं बर्फ अडलं तेवढी ओल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापणी, मग पुन्हा थंडी. खरीप गेला तर रब्बी बघू, असं म्हणायची सोय तिथे नाही. वर्षातून एकच डाव!

दोन साहेब, दोन अहवाल

या जमिनीचा स्वभाव ओळखण्यात पहिल्यापासूनच घोटाळा झाला. १८५७ साली जॉन पॅलिसर या आयरिश गृहस्थाच्या हाताखाली ब्रिटनहून एक मोहीम इथे आली. त्यानं हिंडून फिरून सांगितलं, की दक्षिणेकडचा हा मोठा त्रिकोणी तुकडा शेतीसाठी फार कोरडा आहे. आजही त्या भागाला ‘पॅलिसरचा त्रिकोण’ म्हणतात. पुढे वीसेक वर्षांनी जॉन मॅकून नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आला. त्याच्या नशिबानं ती वर्षं चांगली ओली होती. त्यानं सांगितलं, जमीन उत्तम आहे, गहू छान येईल!

बरोबर कोण? दोघंही. पॅलिसरनं कोरडी वर्षं पाहिली, मॅकूननं ओली. सरकारला अर्थातच मॅकूनचं म्हणणं गोड वाटलं. १८८५ मध्ये रेल्वेचा रस्ता पुरा झाला, दूरदूरच्या देशांतून माणसं आली, गवत नांगरून गहू पेरू लागली. पॅलिसरचं म्हणणं मागे पडलं. ते आठवलं १९३०च्या दशकात.

ते दशक तिथे ‘धुळीचं दशक’ म्हणूनच ओळखलं जातं. वर्षामागून वर्ष पाऊस दगा देऊ लागला. गवताची मुळं उपटलेली, माती उघडी पडलेली. वारा सुटला की मातीचे ढग उठायचे आणि भर दुपारी दिवे लावावे लागायचे. १९३७ साली तर सास्काचेवानात गव्हाचा उतारा एकरी सरासरी तीन बुशेलही पडला नाही. (बुशेल हे तिथलं धान्याचं माप. गव्हाचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो.) म्हणजे एकरी पोतंभर गहूसुद्धा नाही!

आता तुम्ही म्हणाल, पीक कमी आलं तर भाव वाढला असेल, चार पैसे तरी सुटले असतील. तिथेच तर ठेच लागली. त्याच वेळी सगळ्या जगात महामंदी आली होती. गहू विकत घ्यायला कुणाकडे पैसा नव्हता आणि दुसऱ्या देशांत गव्हाचे ढीग पडून होते. १९३२ मध्ये गव्हाचा भाव बुशेलला चाळीस सेंटच्याही खाली गेला. पेट्रोल परवडेना, म्हणून लोकांनी मोटारीचं इंजिन काढून टाकलं आणि पुढे घोडे जुंपले. या घोडामोटारींना त्यांनी पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावानं ‘बेनेट बग्गी’ म्हणायला सुरुवात केली. उपाशी माणसाला विनोद जास्त सुचतो की काय कोण जाणे.

म्हणजे पाहा, दुष्काळ पडला की भाव वाढतोच असं काही नाही. भाव ठरतो सगळ्या जगाच्या कोठारात किती धान्य आहे त्यावर. आपलं शेत वाळलं हे त्या जगाला ठाऊकही नसतं.

मग विकायचं कधी?

प्रेअरीतल्या गावांची खूण म्हणजे रेल्वेरुळांच्या कडेला उभी असलेली धान्याची उंच लाकडी कोठारं. त्यांना ‘एलिव्हेटर’ म्हणतात. १९३३ च्या सुमारास अशी साडेपाच हजारांहून जास्त कोठारं होती. आता लाकडी थोडीच उरली आहेत आणि त्यांची जागा काँक्रीटच्या प्रचंड कोठारांनी घेतली आहे. शेतकरी ट्रक भरून तिथे माल आणतो, मग तो रेल्वेनं व्हँकूव्हरसारख्या बंदरात जातो आणि तिथून जहाजानं जगभर.

महामंदीनं पोळलेल्या शेतकऱ्यांसाठी १९३५ साली सरकारनं ‘कॅनेडियन व्हीट बोर्ड’ स्थापन केलं. १९४३ पासून तर प्रेअरीतला परदेशी जाणारा सगळा गहू या बोर्डामार्फतच विकायची सक्ती झाली. बोर्ड आधी थोडे पैसे द्यायचं, वर्षभर जगाच्या बाजारात गहू विकायचं आणि शेवटी जमलेल्या पैशाचा हिशेब करून सगळ्यांना सारखा भाव द्यायचं. कधी विकायचं याची डोकेदुखी शेतकऱ्याला नाही. पण आज भाव चढलाय, आजच विकतो, असंही म्हणता यायचं नाही. काहींना ते छत्र वाटायचं, काहींना पिंजरा. आपलाच गहू सीमेपार अमेरिकेत नेला म्हणून झालेला दंड भरायचं नाकारून २००२ मध्ये आल्बर्टातले १३ शेतकरी तुरुंगातसुद्धा गेले! अखेर १ ऑगस्ट २०१२ ला बोर्डाची मक्तेदारी संपली. कॅनोला, मसूर, वाटाणा मात्र बोर्डाकडे कधी नव्हतेच. त्यांचा निर्णय पहिल्यापासून ज्याचा त्यानं घ्यायचा.

आणि आता आपण आपल्या दोन भावांकडे येतो. दोघांनी हजार-हजार एकर कॅनोला पेरायचा ठरवला आहे. चांगल्या वर्षी एकरी ४० बुशेल येतो, म्हणजे एकूण ४०,००० बुशेल. (कॅनोला गव्हापेक्षा हलका. त्याचा बुशेल साधारण पावणेतेवीस किलोंचा.)

२०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर अजून बर्फ आहे. पेरणीला दोन महिने अवकाश. तेवढ्यात धान्य कंपनीचा फोन येतो, ‘सुगीला माल द्या, भाव आत्ताच पक्का करू. बुशेलला १३ डॉलर.’ याला आगाऊ करार म्हणायचं. तेरा डॉलर हा तेव्हा उत्तम भाव होता, कित्येक वर्षं दहा-अकराच्या आसपासच मिळत होता. थोरला विचार करतो, सुगीला भाव पडला तर? बी, खत, डिझेल यांची उधारी आहे, बँकेचा हप्ता आहे. मात्र सगळा माल बांधायचा नाही, एवढं शहाणपण त्याला आहे. तो अपेक्षित पिकाच्या फक्त निम्म्याचा, म्हणजे २०,००० बुशेलचा करार करतो. धाकटा म्हणतो, ‘बघू पुढचं पुढे.’

सांगा बरं, तुम्ही शिक्षक असता तर कुणाला जास्त मार्क दिले असते? मी तर थोरल्यालाच दिले असते.

तो उन्हाळा

हिवाळ्यात बर्फ कमीच पडलं होतं. मे कोरडा गेला, जूनही. आणि जूनच्या शेवटी आकाशाला जणू कुणी झाकण लावलं. गरम हवेचा एक घुमट पश्चिम कॅनडावर येऊन बसला. रॉकी पर्वताच्या पलीकडे, ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात २९ जूनला ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. कॅनडात! दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव बहुतेक सगळं जळून गेलं. अलीकडे प्रेअरीतही पारा पस्तिशीच्या पुढे जाऊ लागला.

कॅनोलाचं झाड मोठं नाजूक. फुलोऱ्यात असताना तिशीच्या वर ऊन तापलं, की फुलं शेंग न धरताच गळतात. गहू थोडा चिवट, पण त्यालाही फुटवे कमी येतात आणि दाणा भरत नाही, चिमतो. मसुराला तर कोरडी हवा मानवते म्हणतात, पण त्या वर्षी त्याचीही झाडं इतकी खुजी राहिली, की कापणी यंत्राचं पातं जमिनीला टेकवूनही शेंगा हाती लागेनात. वर नाकतोड्यांच्या झुंडी आल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा!

आकडे नुसते वाचून सोडू नका, जरा थांबून बघा. २०२० मध्ये कॅनडात साडेतीन कोटी टनांच्या आसपास गहू पिकला होता, २०२१ मध्ये तो सव्वादोन कोटी टनांच्याही आत आला. शेवयांसारखा पास्ता ज्या कडक गव्हापासून करतात, तो ड्युरम निम्म्याहून कमी झाला. वाटाणा आणि मसूर जवळपास अर्ध्यावर. कॅनोला चौथ्या हिश्श्याहून जास्त घटला. ड्युरम आणि कॅनोला परदेशी पाठवण्यात कॅनडाचा नंबर जगात पहिला. तोच देश वाळला म्हटल्यावर या वेळी जगाच्या कोठारालाच भोक पडलं, आणि भाव वर पळाला. कॅनोला सुगीपर्यंत बुशेलला २० डॉलर झाला.

आता कोड्याचं उत्तर. दोन्ही भावांकडे एकरी ४० ऐवजी १२ बुशेल आले. म्हणजे १२,००० बुशेल. धाकट्यानं ते २० डॉलरनं विकले, झाले २,४०,००० डॉलर.

थोरल्यानं २०,००० बुशेल द्यायचा शब्द दिलेला. त्यानं घरात होते तेवढे सगळे १२,००० दिले, १३ डॉलरनं. झाले १,५६,०००. उरलेले ८,००० बुशेल कुठून आणणार? आभाळातून तर पडत नाहीत! मग कराराप्रमाणे त्या ८,००० बुशेलमागे आजचा भाव आणि कराराचा भाव यांतला फरक, म्हणजे ७ डॉलर, त्यानंच भरायचा. ५६,००० डॉलर. तेव्हाच्या हिशेबानं ३३ लाख रुपयांच्या आसपास! जे धान्य कधी उगवलंच नाही त्याचे पैसे! हाती राहिले एक लाख. आणि बी, खत, डिझेल यांचा खर्च यातून अजून वजाच केलेला नाही. तो वजा केला तर धाकट्याचंही भागलं असेल असं समजू नका.

‘कंपनी किती दुष्ट!’ असं चटकन मनात येतं ना? मलाही आलं होतं. पण कंपनीनंही तो माल पुढे कुणा परदेशी गिऱ्हाईकाला आधीच विकलेला असतो. तिला तो २० डॉलर मोजून दुसरीकडून घ्यावाच लागतो. तरीही एक गोष्ट खटकते. करार करताना दोघांनी जोखीम वाटून घेतली असं वाटत होतं, पण भाव पडण्याची जोखीम कंपनीनं घेतली आणि पाऊस न पडण्याची सगळीच्या सगळी शेतकऱ्याच्या गळ्यात राहिली. थोरल्याला वाटलं होतं की आपण धोका काढून टाकला. त्यानं फक्त एका धोक्याच्या जागी दुसरा घेतला होता.

यावर उपाय नव्हता असं नाही. आपल्याकडे अस्मानी-सुलतानी म्हणतात ना? तसं काही करारांमध्ये एक ‘अस्मानी’ कलम असतं. दुष्काळ, गारपीट अशा कारणानं पीकच आलं नाही, तर ठरावीक मर्यादेपर्यंत दंड माफ. पण या सवलतीसाठी भाव जरा कमी घ्यावा लागतो. ओल्या वर्षांत हे कलम म्हणजे उगाच खर्च वाटतो. पीकविमाही असतो, त्याचा हप्ता शेतकरी आणि सरकारं मिळून भरतात. पण विमा न उगवलेल्या पिकाचे पैसे देतो, करार मोडल्याचे नाही.

पाऊस आला, भाव पडला

करार केला नाही म्हणजे धाकटा निवांत झोपला असेल, असं वाटतं का? त्याचीही झोप उडालेलीच. वायदेबाजाराची नजर ढगांवर असते. पावसाचा नुसता अंदाज आला तरी भाव घसरतो, अंदाज चुकला की पुन्हा चढतो. म्हणजे शेतकऱ्यानं रविवारी आभाळात ढग बघून खूश व्हावं, तर सोमवारी भाव उतरलेला!

शिवाय माल घरात आल्यावरही प्रश्न सुटत नाही. शेतावर पत्र्याच्या मोठमोठ्या गोल कणग्या असतात. आज विकू की भरून ठेवू? त्या वर्षीच्या गव्हाची तर आणखी तऱ्हा. कोरड्या हवेत दाणा लहान राहतो, पण त्यात प्रथिनांचं प्रमाण वाढतं. एरवी जास्त प्रथिनांच्या गव्हाला वरकड भाव मिळतो. २०२१ मध्ये शेतकरी म्हणाले, चला, निदान तेवढं तरी! पण सगळ्यांच्याच गव्हात प्रथिनं जास्त. मग वरकड कशाची मिळणार? वर्गात सगळ्यांनाच नव्वद टक्के पडले, तर पेढे कोण वाटणार?

ज्यांनी गहू कणगीत ठेवला त्यांचं काय झालं? फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. दोन्ही देश गव्हाचे मोठे विक्रेते. गव्हाचा भाव आणखी उसळला. कणगीत माल असलेले शेतकरी हुशार ठरले. पण खरं सांगा, सप्टेंबरमध्ये हे कुणाला ठाऊक होतं?

आणि आपला पाऊस?

आता एक गोष्ट सांगतो, ती वाचून तुम्ही नक्की दचकाल. सास्काचेवानच्या मसूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या मृगाच्या पावसाची बातमी हवी असते!

कारण असं, की कॅनडातला बहुतेक सगळा मसूर सास्काचेवानात होतो. तिथे तो रुजला १९७०च्या दशकात, सास्काचेवान विद्यापीठातल्या अल्फ्रेड स्लिंकार्ड या शास्त्रज्ञामुळे. तिथले लोक स्वतः मसूर फार खात नाहीत. तो पिकतो परदेशासाठी, आणि मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. तुमच्या आईनं केलेल्या मसुराच्या आमटीत किंवा गाडीवरच्या रगड्यातल्या पांढऱ्या वाटाण्यात प्रेअरीचं ऊन कितीदा तरी उतरलेलं असतं.

२०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं आपल्याकडे पावसानं पाठ फिरवली. महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, काय हाल झाले ते आईबाबांना विचारा. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. डाळ महाग झाल्याची ती बातमी प्रेअरीत पोचली. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये कधी नव्हे इतका मसूर पेरला. तीस लाख टनांच्या वर पिकला.

आणि नेमका त्याच वर्षी आपला पाऊस परतला! आपल्याच शेतकऱ्यांनी भरपूर कडधान्य पेरलं. २०१५-१६ मध्ये देशात सुमारे एक कोटी साठ लाख टन कडधान्य झालं होतं, २०१६-१७ मध्ये ते दोन कोटी तीस लाखांवर गेलं. आता इथेच भाव कोसळू लागले. आपल्या शेतकऱ्याला वाचवण्यासाठी सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बाहेरून येणाऱ्या वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के कर बसवला.

आता तिकडचं चित्र बघा. २०१७ चा उन्हाळा दक्षिण सास्काचेवानात कोरडाच गेला होता. जुलैत रजायनाला पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पीक कमी. आणि भाव? तोही पडला! लाल मसूर दोन वर्षांपूर्वीच्या चढ्या भावाच्या निम्म्याहूनही खाली आला. त्यांची अस्मानी आणि आपली सुलतानी एकाच वर्षी त्यांच्या अंगावर कोसळली. आपल्या सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लातूरच्या मोंढ्यात तूर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही जगायचं होतंच. पुढेही हे कर कधी उतरले, कधी चढले, आणि दर वेळी हजारो मैलांवर कुणाचं तरी गणित चुकलं किंवा जुळलं.

मग आता थोरला काय करतो? पुन्हा हिवाळा येतो, धसकटांत बर्फ साठतं, पुन्हा फोन येतो. बहुतेक शेतकऱ्यांप्रमाणे तोही करार करणं काही सोडत नाही. पण आता आधी फावडं घेऊन बाहेर जातो, माती उकरून ओल किती खोल गेलीय ते बघतो, आणि करारात अस्मानी कलम आहे का ते दोनदा वाचतो.

एक गणित तुमच्यासाठी ठेवतो. समजा, पाऊस वेळेवर पडला असता, दोघांनाही एकरी पूर्ण ४० बुशेल आले असते आणि सगळीकडेच पीक चांगलं आल्यामुळे सुगीला भाव ९ डॉलरवर आला असता. थोरल्याचा करार तोच, २०,००० बुशेल, १३ डॉलरनं. उरलेला माल तो बाजारभावानं विकेल. धाकटा सगळाच बाजारभावानं. कागद-पेन्सिल घ्या आणि सांगा, या वेळी कुणाच्या हातात किती जास्त आले? आणि हो, उत्तर काढून झालं की आईबाबांना विचारा, त्यांनी थोरल्यासारखा करार केला असता की नाही?